बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा तर: रंग, ऊन आणि कोल्हापूरचा पावसाळा

विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोखाली ‘हायपो ट्रान्स लेदरबॅक, हेट झीरो’ असे काही लिहिलेले असते. फोटोतला प्राणी लिंबूपिवळा, पाठीवर केशरी झाक, डोळे काळेभोर. या शब्दांचा अर्थ आपण पाहणारच आहोत. पण त्याआधी हा प्राणी कोण, त्याला काय लागते आणि कोल्हापूरच्या हवेत ते कसे पुरवायचे, हे समजून घेऊ. रंग भुरळ घालतो म्हणून प्राणी घरी येतो आणि बाकीची चौकशी नंतर सुरू होते, असे फार वेळा घडते. तो क्रम उलटा करायला हवा.

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या, झुडपी मुलखातला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा एकाच अगामिडी कुळातले. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर रंगीत गळा फुगवणारे सरडे आहेत, तेही याच कुळातले. त्यांच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ‘सरडा’ हेच नाव दिले. आपला ड्रॅगन पूर्ण वाढला की नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो आणि साधारण ८ ते १२ वर्षे जगतो. आठवीतल्या मुलासाठी आज घेतलेला प्राणी तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत घरात असणार आहे. त्या काळात त्याचे कोण बघणार, हे घरात सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावे.

परदेशी जनावर सांभाळणे कोल्हापूरला नवे नाही. संस्थानकाळात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात आणि त्यांच्या देखभालीला खास चित्तेवान नेमलेले असत. आज असा जाणकार माणूस हाताशी नसतो. ते ज्ञान आपणच मिळवायचे.

पहिली पायरी कागदपत्रांची. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने कायद्याला नवी अनुसूची ४ जोडली. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातले प्राणी या अनुसूचीत येतात. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन हे नेहमी विकले जाणारे प्राणी त्यात मोडतात. या याद्या बदलत राहतात. म्हणून खरेदीच्या आधी ताज्या अनुसूचीत पोगोनाचे नाव शोधावे, कोल्हापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर जपून ठेवावे.

विकणाऱ्याकडून पक्की पावती मागावी. पावतीवर प्राण्याचे शास्त्रीय नाव, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि आई-बापांची माहिती असावी. ‘थेट ऑस्ट्रेलियातून आणलाय’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर तिथूनच परत फिरावे. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे असा प्राणी चोरटाच असणार. आणखी एक गोष्ट, ड्रॅगनची हौस म्हणून घोरपड पाळण्याचा विचारही करू नये. तो सरळ गुन्हा आहे.

दुसरी पायरी पेटीची, आणि ती प्राण्याच्या आधी घरात यायला हवी. मोठ्या ड्रॅगनला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा लागते. माशांची काचेची टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात हवा खेळत नाही. त्यापेक्षा आतून पाणीरोधक रंग दिलेली प्लायवुडची पेटी, पुढे सरकत्या काचा आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या ही रचना आपल्याकडे चांगली चालते. जाळी आणि चौकट उद्यमनगरात कोणीही मापाने करून देतो. एका बाजूची खिडकी खाली आणि दुसऱ्या बाजूची वर ठेवावी, म्हणजे गरम हवा वर निघून जाते आणि गार हवा खालून आत येते.

तळाला वाळू घालू नये. पिल्लू किड्यासोबत वाळू गिळते आणि ती आतड्यात अडकते. ‘कॅल्शियम सँड’ म्हणून विकली जाणारी वाळूही यात आली. शहाबादी फरशीचे तुकडे बसवावेत. फरशी ऊब धरून ठेवते, नखे आपोआप झिजतात आणि ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ होते. पिल्लासाठी सुरुवातीचे काही महिने नुसता कागद अंथरला तरी पुरे.

आता उष्णता. पेटीच्या एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली हवी. उन्हाच्या टोकाला वरून प्रखर पांढरा दिवा आणि त्याखाली बसायला दगड किंवा जाड फांदी. ही बैठकीची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापलेली असावी. सावलीचे टोक २५ ते २८ अंशांवर राहावे. ड्रॅगन स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. या दोन टोकांत ये-जा करून तो शरीराचे तापमान सांभाळतो. सगळी पेटी सारखीच गरम केली तर त्याला पळायला जागाच उरत नाही. पोटाखाली तापणारे विजेचे दगड वापरू नयेत, त्यांनी पोट भाजते आणि प्राण्याला ते वेळेवर कळत नाही.

अंदाजाने तापमान ठरवणे हे बिघाडाचे सर्वात मोठे मूळ आहे. काचेला चिकटवायचे गोल काटेवाले मापक भरवशाचे नसतात. वायरच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्यावेत, एक उन्हात आणि एक सावलीत. दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज कमी करणारे उपकरण, जोडावे.

उष्णतेइतकेच महत्त्वाचे यूव्हीबी, म्हणजे सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा एक भाग. हे किरण कातडीवर पडले की शरीर डी-३ जीवनसत्त्व बनवते आणि मग खाल्लेले कॅल्शियम हाडांत जाते. यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची खास ट्यूब मिळते. १० ते १२ टक्के यूव्हीबीची ‘टी-५’ ट्यूब घ्यावी आणि ती पेटीच्या निम्म्या-अधिक लांबीवर, उन्हाच्या बाजूने लावावी. बसण्याच्या जागेपासून तिचे अंतर किती असावे ते खोक्यावर छापलेले असते. ट्यूब जाळीच्या वर ठेवली तर जाळी बराच भाग अडवते, हे ध्यानात घ्यावे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पेटी खिडकीशी ठेवून ‘ऊन मिळतेय की’ असे समाधान मानणे. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही; येते ती फक्त उष्णता, आणि बंद काचेत ती जीवघेणी ठरू शकते. दुसरी, ट्यूब पेटते आहे तोवर चालू ठेवणे. उजेड तसाच दिसतो, पण त्यातले यूव्हीबी हळूहळू घटत जाते. वर्षाने ट्यूब बदलावी आणि बदलल्याची तारीख तिच्या पट्टीवर लिहून ठेवावी. दिवे दिवसा १२ तास चालू, रात्री पूर्ण अंधार. रात्रीसाठी लाल किंवा निळे दिवे लागत नाहीत.

सगळे जोडून रिकामी पेटी आठवडाभर चालवून पाहावी. सकाळ, दुपार आणि रात्रीचे आकडे वहीत लिहावेत. आकडे स्थिर झाले की मगच प्राणी पाहायला निघावे.

आता सुरुवातीच्या फोटोखालच्या शब्दांकडे येऊ. ‘मॉर्फ’ म्हणजे जनुकांमुळे आलेला रंगाचा किंवा कातडीचा ठरावीक प्रकार. काही प्रकार अप्रभावी जनुकाचे असतात. आई आणि बाप दोघांकडून तेच जनुक आले तरच ते दिसतात. ‘हायपो’त काळे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे नखे पारदर्शक आणि रंग उजळ. ‘ट्रान्स’ची कातडी काहीशी पारभासी, डोळे बहुधा पूर्ण काळे, पिल्लांचे पोट निळसर. ‘झीरो’वर नक्षीच नसते, अंग राखाडी-पांढरे.

‘हेट’ म्हणजे वाहक: जनुक आहे, पण एकेरी, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. हे गणित एकदा नीट पाहावे. झीरो आणि साधा यांची सगळी पिल्ले साधी दिसतात, पण सगळी हेट झीरो असतात. दोन हेटांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक पिल्लू झीरो, दोन वाहक आणि एक पूर्ण साधे. उरलेली तीन पिल्ले दिसायला सारखीच साधी असतात आणि त्यांतली दोन वाहक असतात, म्हणून विकताना त्या प्रत्येकाला ‘६६ टक्के हेट’ म्हणतात. हा नुसता संभव आहे. हेट डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यामुळे त्या शब्दाची किंमत आई-बापांच्या नोंदींइतकीच. नोंद नसेल तर हेटसाठी जादा पैसे देऊ नयेत, आणि पिल्ले काढायची नसतील तर असल्या नोंदीचाही आपल्याला उपयोग नाही.

‘लेदरबॅक’चे जनुक वेगळे वागते. ते एका पालकाकडून आले तरी दिसते: पाठीवरचे काटे बारीक होतात, कातडी गुळगुळीत होते आणि रंग जास्त उठून दिसतो. दोन्ही पालकांकडून आले तर ‘सिल्कबॅक’ जन्मतो, खवलेच नसलेला. त्याची कातडी सहज फाटते, दिव्याने लवकर पोळते आणि कात नीट सुटत नाही. किडा किंवा खरबरीत फांदी यांनीही जखम होते. सिल्कबॅक घेऊ नये आणि दोन लेदरबॅकची जोडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिसायला मखमली असला तरी त्या जिवाचा रोजचा दिवस त्रासाचा असतो.

तांबडा, केशरी, लिंबूपिवळा हे रंग मात्र एका जनुकाचे नसतात. पिढ्यान् पिढ्या गडद रंगाचे पालक निवडून ते वाढवलेले असतात. तांबडा आणि पिवळा यांच्या पिल्लांत विटकरीपासून फिकट केशरीपर्यंत काहीही निघू शकते, आणि एकाच वेळची भावंडेही वेगळी निघतात. अंगावर कुठेही वेडेवाकडे रंगीत डाग असलेल्या प्राण्याला ‘पॅराडॉक्स’ म्हणतात. ते डाग पिल्लांत उतरतील असा भरवसा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

एवढे मिश्रण समजले तरी दुकानात रंग पाहताना फसगत होते, कारण हा प्राणी रंग बदलतो. गार असताना तो उष्णता शोषण्यासाठी काळपट होतो, अंग तापले की उजळतो. घाबरला तर पोटावर गडद रेघा उमटतात. पिल्लाचा खरा रंग सहा महिन्यांपासून वर्षभरात उघडतो, आणि कधी पुढे वयाबरोबर फिका पडतो. म्हणून प्राणी पांढऱ्या दिव्याखाली, अंग तापल्यावर पाहावा. लाल बल्बखालचा तांबडा रंग आणि फोटोतला रंग हिशेबातच धरू नये. पिल्लू घेणार असाल तर आई-बाप प्रत्यक्ष पाहायला मागावेत. पिल्लू मोठेपणी कसे दिसेल याचा त्यातल्या त्यात चांगला अंदाज तिथेच येतो.

निवडताना आधी अंगकाठी पाहावी. पिल्लू किमान दोन महिन्यांचे आणि १५ सेंटिमीटरहून मोठे असावे. डोळे पूर्ण उघडे, जबडा सरळ आणि टणक, बोटे व शेपटीचे टोक शाबूत. या प्राण्याची शेपटी पालीसारखी पुन्हा येत नाही. शेपटीच्या बुडाशी खळगा किंवा कमरेची हाडे वर आलेली दिसली तर ते उपाशी आहे. चालताना पोट जमिनीवरून उचललेले हवे. गुदद्वाराभोवती घाण चिकटलेली नको. आपल्यासमोर त्याला किडा खाऊ घालायला सांगावे. चटकन झडप घालणारे पिल्लू घ्यावे.

पिवळ्या रंगाच्या प्राण्यात आणखी एक गोष्ट बारकाईने बघावी. कातडीवर खरखरीत, खपलीसारखे पिवळे-तपकिरी चट्टे असतील तर तो बुरशीचा गंभीर आणि संसर्गजन्य आजार असू शकतो. तसेच मान वारंवार वर वळवून आकाशाकडे बघत राहणारे किंवा तोल जाणारे पिल्लू कितीही सुंदर असले तरी घेऊ नये.

एका पेटीत एकच ड्रॅगन. एकमेकांवर चढून बसलेली दोन पिल्ले आपल्याला प्रेमळ वाटतात, प्रत्यक्षात वरचे खालच्याचे ऊन अडवत असते. पुढे बोटे आणि शेपट्या चावल्या जातात.

घरी आणल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नये. रोज खाणे-पाणी द्यावे, पेटीची एक बाजू कापडाने झाकावी आणि पाहुण्यांना लांब ठेवावे. या आठवड्यात भूक मंदावते, त्याने घाबरू नये. पहिली विष्ठा ताजी असताना पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. आतड्यातले जंत आणि कॉक्सिडिया हे परजीवी पिल्लांत नेहमी सापडतात.

खाण्याचे प्रमाण वयानुसार उलटते. पिल्लाच्या आहारात बहुतांश किडे आणि थोडा पाला, मोठ्याच्या आहारात बहुतांश पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे द्यावे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. डुबिया झुरळे, रातकिडे आणि काळ्या सैनिक माशीच्या अळ्या चांगल्या. रेशीम शेती करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर रेशमाच्या अळ्या उत्तम. सुपरवर्म चरबीयुक्त असतात, ते मोठ्यांनाच आणि मोजके. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत राहू देऊ नयेत, ते झोपलेल्या ड्रॅगनला चावतात.

उसाच्या किंवा सोयाबीनच्या रानातून पकडलेले नाकतोडे देऊ नयेत. फवारणीचे विष त्यांच्यासोबत पोटात जाते. आणि काजवा तर कधीच नाही. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात काजव्यांनी झाडे लखलखतात, गावाकडच्या अंगणातही ते येतात. काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एका काजव्यानेही बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. त्या दिवसांत पेटीची खोली संध्याकाळी जाळी लावून बंद ठेवावी आणि मुलांना हे नीट समजावून सांगावे.

पाल्यात शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदाची कोवळी पाने आणि फुले हे पहिल्या पसंतीचे. त्यात किसलेला लाल भोपळा, घेवडा, दोडका बारीक चिरून घालावा. पालक, चाकवत, माठ यांत ऑक्झलेट जास्त असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते, हे क्वचितच. कांदा, लसूण, अॅव्होकॅडो अजिबात नको. मंडईतून आणलेला पाला भरपूर पाण्यात धुवावा. परसातला मिळाला तर त्याहून बरे.

किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी, पिल्लांना जवळपास रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. हे चुकले किंवा यूव्हीबी कमी पडले की हाडे मऊ होतात. जबडा रबरासारखा लागणे, बोटे थरथरणे, पाय वाकडे होणे ही त्याची लक्षणे. वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून पहिल्या थरथरीलाच डॉक्टर गाठावा.

आता कोल्हापूरच्या हवेकडे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली इतकी तापते की सावलीचे टोकही तिशी ओलांडते. तेव्हा पेटी खालच्या मजल्यावर हलवावी आणि दिव्याचे वॅट कमी करावेत. उन्हाच्या जागी तोंड उघडे ठेवून बसणे साहजिक आहे. सावलीत जाऊनही तोंड उघडेच असेल तर पेटी फार तापली आहे.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. ओलसर, गार हवेत फुप्फुसांचा संसर्ग होतो. पेटीत आर्द्रतामापक लावावा, पाण्याचे भांडे लहान करून गार टोकाला ठेवावे, पाणी फवारू नये, न खाल्लेला पाला दुपारीच काढावा. पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. उन्हाचे टोक मात्र रोज पूर्ण तापलेच पाहिजे. गरम, कोरडी जागा मिळाली तर बाहेरचा ओलावा तो बराच सोसतो. श्वास घेताना घरघर, नाकाला बुडबुडे, मान उंचावून श्वास घेणे, यांत एक दिवसही थांबू नये. वीज जाण्याचा संभव असेल तर संध्याकाळी किडे देऊ नयेत, कारण ऊब नसेल तर ते पचत नाहीत.

हिवाळ्यात रात्री घरात १८ ते २० अंश असले तरी चालते. त्याखाली फार उतरले तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटसह. वर्षापेक्षा मोठा ड्रॅगन या काळात आठवडेच्या आठवडे झोपू शकतो. वजन टिकून असेल तर झोपू द्यावे. स्वयंपाकघराच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन घेता येते, पण तो काटा मग स्वयंपाकात परत न्यायचा नाही. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी मोरीतच वेगळी धुवावीत आणि पाच वर्षांखालील मुलांना तो हातात देऊ नये.

नर कधी भेटला नसला तरी वयात आलेली मादी निर्जीव अंडी घालू शकते. ती काचेवर धडपडू लागली आणि खणू लागली की ओलसर माती-वाळू भरलेला खोल डबा द्यावा. जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात.

गायी-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरात भरपूर आहेत; सरपटणारे प्राणी पाहणारा डॉक्टर मात्र प्राणी घेण्याआधीच शोधून ठेवावा. महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून कोण पाहू शकेल याची चौकशी करावी. पुढे कधी सांभाळणे जमेनासे झाले तर प्राणी पन्हाळ्याच्या कुरणात किंवा रंकाळ्याकाठी सोडू नये. तो आपल्या पावसात टिकणार नाही, आणि टिकलाच तर त्याच्या अंगातले रोग इथल्या सरड्यांना लागतील. पावती, वजनाची वही आणि पेटी यांसह तो दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावा, आणि दिल्याची लेखी नोंद दोघांनी ठेवावी.